कारल्याचे सतरा मुद्दे

“हा खेळ ज्यानं कुणी केलाय ना, त्याला आधी स्वतःलाच तासभर खेळायला बसवा,” मी म्हणाले आणि डब्यातला रव्याचा लाडू टेबलाच्या कडेवर आपटला. टेबलाचा टवका उडाला. लाडू होता तसाच.

“टेबल माझं आहे,” ताहेर म्हणाला.

“आणि लाडू माझा आहे. फुटत नाही त्याला मी काय करू?”

“कुणी केलेत?”

“अप्पांनी पाठवलेत. शेजारच्या काकूंकडून करून घेत असतील. दर महिन्याला हेच. पाक पार गोळीबंद होतो आणि लाडवाचा दगड.”

“मग कळवलंस का त्यांना?”

“नाही.”

“का?”

“तू खेळ बघ.”

ताहेर मोमीन माझा साहेब. कॉलेजपासूनचा मित्र असल्यामुळे साहेबपणा त्याला कधी जमला नाही आणि नोकरपणा मला. पुण्यात एरंडवण्यात त्याचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथं मोबाइलवरचे लहान लहान खेळ बनायचे आणि त्यांतल्या चुका शोधणं हे माझं काम. दिवसभर खेळायचं, नावं ठेवायची आणि वर पगार घ्यायचा. आई असती तर म्हणाली असती, ही नोकरी कुणीतरी खास तुझ्यासाठीच काढली बघ.

वर्षातून एकदा ताहेर मराठीतून गेम जॅम भरवायचा. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी एक विषय जाहीर करायचा, आणि ज्याला हौस असेल त्यानं सोमवार सकाळपर्यंत त्या विषयावर एक छोटासा खेळ बनवून साइटवर टाकायचा. बक्षीस नाही, काही नाही. पुढचा आठवडाभर लोकांनी ते खेळ खेळायचे आणि खाली अभिप्राय लिहायचे. सगळं टोपणनावांनी. खरी नावं पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता उघडायची, तोवर कुणाचं नाव कुणाला सांगायचं नाही, हा ताहेरचा नियम. लोक येत ते त्या अभिप्रायांसाठीच. आपण केलेल्या खेळावर एक अनोळखी माणूस वेळ घालवतो, त्यावर दोन पानं लिहितो, याचं अप्रूप असतं माणसाला.

त्यातही ‘कारलं’ या नावानं लिहिलेल्या अभिप्रायांना फार मागणी होती. कारलं म्हणजे मी, उल्का मुसळे. मी कुणाला सोडत नसे. पण लिहायची ते मन लावून, एकेक मुद्दा क्रमांक घालून. नाव आईनं ठेवलेलं. शिकायला पुण्यात आले त्या पहिल्याच दिवाळीत घरी जाऊन मी आई-अप्पांना ती साइट दाखवली होती, आणि काय नाव घेऊ म्हणून विचारलं होतं. आई म्हणाली, “कारलं घे. तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी कडू ते कडूच.” अप्पा किती हसले होते.

त्या वर्षी विषय होता ‘दार’. एकतीस खेळ आले होते, आणि मी वैतागले होते तो अठरावा. नाव ‘होडी’.

पडद्याच्या मधोमध नदी. अलीकडच्या काठावर एक माणूस आणि निळ्या पातळातली एक बाई. दोघंही चौकोनी ठिपक्यांची, पण सुबक. पलीकडच्या काठावर एक घर, दार बंद. बटण दाबलं की दोघं मिळून होडीत एक गाठोडं ठेवतात आणि होडी सोडतात. होडी पलीकडे लागते. दार जरासं किलकिलं होतं, एक हात बाहेर येतो, गाठोडं आत घेतो. दार बंद. होडी रिकामी परत. मग पुन्हा गाठोडं, पुन्हा होडी. बस्स. एवढाच खेळ.

“मी वीस होड्या सोडल्या,” मी म्हणाले. “वीस! नदी पोहून बघितली, दारावर टिचक्या मारून बघितल्या, कीबोर्डवरचं एक बटण सोडलं नाही. काही होत नाही.”

“थोडा धीर धरून बघ की,” ताहेर म्हणाला. त्याचा आवाज जरा पडला होता. मला वाटलं, भूक लागली असेल.

“धीर कशासाठी? वाट बघायला लावणं म्हणजे खेळ नव्हे. काढ रे तो लॅपटॉप, लिहूनच टाकते.”

आणि मी सतरा मुद्दे लिहिले. सगळे इथं सांगत नाही. पण काही सांगावे लागतील.

मुद्दा पहिला: ‘खेळणाऱ्यानं काही केलं की खेळानं उत्तर दिलंच पाहिजे. हा पहिला नियम आहे. तुमच्या खेळातला माणूस वीस वेळा होडी सोडतो आणि पलीकडून एक शब्द येत नाही. असा खेळ कोण खेळेल? उत्तर मिळालं नाही की माणूस उठून जातो.’

मुद्दा पाचवा: ‘निळ्या पातळातली बाई अकराव्या होडीनंतर गायब होते. काही कारण नाही, सूचना नाही. बहुधा बग. दुरुस्त करा.’

मुद्दा चौदावा: ‘पडद्याभोवती जी फुलांची नक्षी आहे, तिच्या तिसऱ्या फुलात एक चौकोनी घर रंगवायचं राहिलंय. हलगर्जीपणा.’

मुद्दा सतरावा: ‘हा खेळ कुणासाठी केलाय तेच कळत नाही.’

ताहेरनं सगळं वाचलं. “जरा मऊ कर,” म्हणाला.

“मऊ करायला तो काय लाडू आहे? मी कारलं आहे.” आणि मी पाठवून दिलं.

आता अप्पांचं सांगते. कारण ताहेरनं त्या दिवशी चहा घेताना पुन्हा तेच काढलं.

“एक तारखेचा डबा आला तुझा. फोन केलास?”

“ताहेर, तुला दुसरं काही काम नाही का?”

“तीन वर्षं झाली, उल्का.”

“मला मोजता येतात.”

माझे अप्पा इचलकरंजीला साडीचे काठ काढायचे. म्हणजे यंत्रमागावर जी साडी विणली जाते, तिच्या काठावरची वेलबुट्टी आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावी लागते. मग त्यावरून माग चालतो. आयुष्यभर त्यांनी घरं रंगवली. पुढे मालकांनी संगणक आणला तेव्हा पन्नाशीत बसून तेही शिकले. बोलणं मुळात कमी. घरात बोलायची ती आई.

माझ्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेच्या वेळी आई आजारी पडली. मी फोन केला की अप्पा म्हणायचे, “ताप आहे गं. उतरंल. तू पेपर नीट लिही.” आठ दिवस ताप. बारा दिवस ताप. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले, तर फोन, “ये.” मी पोचले तेव्हा आई अंगणात होती. बायका बाजूला सरकल्या आणि मी तिचा चेहरा बघितला. दवाखान्यात बारा दिवस काढले होते तिनं. बारा दिवस! मला एक शब्द नाही.

सगळ्यांसमोर मी अप्पांना म्हणाले, “मला विचारलंसुद्धा नाही तुम्ही. आता पुन्हा कधी मला काही विचारू नका.”

अप्पा एवढंच म्हणाले, “बरं.”

आणि खरंच त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. फोनसुद्धा नाही. फक्त दर महिन्याच्या एक तारखेला आई होती तेव्हासारखाच इचलकरंजीच्या गाडीनं एक डबा यायचा. लाडू, मसाल्याच्या चुरमुऱ्यांचं भडंग, चटणी. वर चिठ्ठी नाही. मी डबा घ्यायची, खायची, आणि रिकामा डबा गाडीवाल्याच्या हाती परत द्यायची. त्यातही चिठ्ठी नाही. माझा राग खरा होता, हे आजही सांगते. पण राग सांभाळायलाही रोज उठून कष्ट घ्यावे लागतात, आणि तेवढे मी घेत होते.

शुक्रवारी ‘होडी’वाल्याचं उत्तर आलं. जॅममध्ये अशी पद्धत होती की ज्याला वाटेल त्यानं आपल्यावरच्या मुद्द्यांना खाली उत्तर द्यावं. मी ताहेरला मोठ्यानं वाचून दाखवलं.

“ऐक. ‘आपण वेळ काढून सतरा मुद्दे लिहिलेत, फार आनंद झाला. मुद्दा एक: बरोबर आहे. पण उत्तर आलं नाही तरी होडी सोडायची, असा हा माणूस आहे. मुद्दा पाच: हे माझ्याच्यानं दुरुस्त झालं नाही. क्षमस्व. मुद्दा चौदा: ते घर तसंच ठेवायचं आहे. मुद्दा सतरा: खरं आहे, सगळ्यांसाठी नाही.’ आवरा! दुरुस्त झालं नाही म्हणे. आणि घर तसंच ठेवायचं आहे म्हणे. घ्या!”

“उल्का, राहू दे आता,” ताहेर म्हणाला.

पण उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जन्माची खोड. मी खाली लिहिलं, ‘ज्याला दुरुस्त करता येत नाही त्यानं आधी ते शिकावं, मग खेळ करावेत.’ आणि जेवायला गेले. चांगली पोटभर जेवले.

शनिवारी सकाळी ऑफिसात पोचले तर ताहेर दारातच उभा.

“‘होडी’ काढून घ्यायचा म्हणतायत ते,” तो म्हणाला. “साइटवरून. म्हणतात, मला यातलं कळत नाही, उगीच लोकांचा वेळ गेला.”

“ते? वयस्कर आहेत?”

“मी काही बोलणार नाही. उद्या बाराला नावं उघडतील.”

“मोठा माणूस आहे का रे? आधी नाही का सांगायचंस?”

“तू लहान माणसाला असं लिहिलं असतंस तर चाललं असतं?”

त्याचा सूरच वेगळा होता. ताहेर माझ्यावर कधी चिडत नसे. मला ओशाळल्यासारखं झालं. म्हटलं, एवढं काय, चार बरे शब्द लिहू आणि माणसाला थांबवू. नक्षी खरोखरच देखणी होती, तेवढं तर प्रामाणिकपणे लिहिता आलं असतं. मी खेळ पुन्हा उघडला आणि ती नक्षी नीट बघायला म्हणून पडदा मोठा केला.

तिसरं फूल. डावीकडून दुसरी पाकळी. एक घर रिकामं.

मग चौथं फूल, नीट. पाचवं, नीट. सहावं. डावीकडून दुसरी पाकळी. तेच घर रिकामं.

मी नवव्या फुलावर गेले. तेच घर. बाराव्यावर गेले. तेच.

माझा हात माउसवरच थांबला. मी सात-आठ वर्षांची होते. अप्पांच्या मांडीवर बसून चौकटीच्या कागदावर बोट फिरवत होते. “अप्पा, इथं एक घर राहिलं तुमचं!” मी ओरडले होते. आणि अप्पा म्हणाले होते, “राहिलं नाही, ठेवलंय. कुणी माझा काठ चोरला, तर चोराला हे दिसत नाही. तो ते घरबी तसंच चोरतो, मग सापडतो. एकदा चुकलं तर ती चूक, उल्के. दर वेळी त्याच घरात चुकलं, तर ती सही.”

मी पडदा लहान केला. सगळी नक्षी एकदम समोर आली, आणि मला ती ओळखू आली. ती नक्षी नव्हती. तो काठ होता. आईच्या निळ्या पातळाचा काठ. अप्पांनी तो तिच्यासाठी काढला होता, आणि तिला शेवटचं नेसवलं होतं तेही तेच.

“ताहेर,” मी म्हणाले. “हा कुणी केलाय?”

“उद्या बारा वाजता...”

“ताहेर! कुणी केलाय?”

त्यानं टेबलावरच्या लाडवांच्या डब्याकडे बघितलं. तेवढंच.

सतरा मुद्दे डोळ्यांसमोरून जायला लागले, आणि पाचवा आला तिथं थांबले.

निळ्या पातळातली बाई अकराव्या होडीनंतर गायब होते.

पहिल्या वर्षाला मी जूनमध्ये पुण्यात आले. पहिला डबा जूनचा, निघताना बरोबर दिलेला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर... मी बोटांवर मोजलं. शेवटचा एप्रिलचा. अकरा. आई नि अप्पांनी मिळून भरलेले अकरा डबे. मेच्या एक तारखेला आई दवाखान्यात होती, आणि त्याच महिन्यात गेली.

बहुधा बग. दुरुस्त करा.

हे मी लिहिलं होतं. माझ्या हातानं, क्रमांक घालून. आणि ते म्हणाले होते, माझ्याच्यानं दुरुस्त झालं नाही. क्षमस्व. आणि त्यावर मी काय लिहिलं? ज्याला दुरुस्त करता येत नाही त्यानं आधी ते शिकावं. अरे देवा! मी खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना. नऊ वर्षं झाली या गोष्टीला, पण ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं तापतात.

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“चार महिने,” ताहेर म्हणाला. “एक दिवस फोन आला. म्हणाले, ‘मी कारल्याचा बाप बोलतोय. तुमच्याकडं खेळ टाकला की ती त्यावर लिहिते म्हणे. मला शिकवाल?’ दर रविवारी सकाळी फोनवर शिकवलं मी. चित्रं त्यांना येतच होती, होडी हलवायची कशी तेवढं शिकायचं होतं. विषय मात्र सगळ्यांबरोबरच कळला, आणि खेळ तीन दिवसांतच केला, नियमात.”

“आणि मला एका शब्दानं बोलला नाहीस!”

“शपथ घातली होती, उल्का. म्हणाले, तिला कळलं तर ती लिहिणार नाही.”

मी खरंच लिहिलं नसतं.

“काढू नकोस खेळ,” मी म्हणाले. “त्यांना काही कळवू पण नकोस. बस इथं.”

मी खेळ पहिल्यापासून सुरू केला. ताहेर शेजारी बसला. अकरा होड्या दोघांनी सोडल्या. बाराव्या वेळी माणूस एकटाच खाली वाकला. पहिल्यांदा खेळताना मला दिसलं नव्हतं, पण बाराव्या होडीला त्याला गाठोडं उचलायला जास्त वेळ लागत होता. मला तेव्हा वाटलं होतं, खेळ संथ चालतोय. त्यावरही माझा एक मुद्दा होता, अकरावा.

वीस. पंचवीस. तीस. दार किलकिलं व्हायचं, हात यायचा, गाठोडं जायचं. तो हात बघवेना मला. सत्तेचाळिसाव्या होडीला दार मिटलं, होडी परत आली, आणि माणूस काठावर बसला. मी बटण दाबलं. काही नाही. मग खाली अक्षरं उमटली.

‘आज एवढंच. पुढची होडी एक तारखेला.’

अकरा आणि छत्तीस, सत्तेचाळीस. माझ्या टेबलावर होता तो सत्तेचाळिसावा डबा.

रविवारी पहाटेची गाडी धरली. बारा वाजायच्या सुमारास आमच्या गल्लीत शिरले. बाजूच्या शेडमध्ये माग चालू होते, तो खडखडाट तीन वर्षांत मी विसरले होते. दारापाशी येऊन उभी राहिले आणि मला दार वाजवायचं धाडस होईना. सगळ्या जगाला दाराचे नियम शिकवणारी मी! शेवटी कडी वाजवली.

अप्पांनी दार उघडलं. केस पार पांढरे झाले होते. हातात पाकाचा झारा.

“आलीस,” ते म्हणाले.

विचारलं नाही, नुसतं म्हणाले. बाजूला सरकले. मी आत आले. त्यांनी पाणी आणून दिलं. कशी आलीस नाही, का आलीस नाही, किती दिवस आहेस नाही. एकसुद्धा प्रश्न नाही. मला आधी कळेना की हे काय आहे. आणि मग लख्ख कळलं. मी त्यांना सांगितलं होतं, पुन्हा कधी मला काही विचारू नका. ते बरं म्हणाले होते.

आत शेगडीवर कढई होती. पाकाचा वास येत होता. कट्ट्यावर भाजलेला रवा, आणि शेजारी आईची पाककृतींची वही उघडी.

“लाडू तुम्ही करता?” मी विचारलं. “मला वाटलं, काकू करून देतात.”

“त्या कशाला? मीच करतो. तुझ्या आईनं सगळं लिहून ठिवलंय. फक्त पाक किती तारी, ते नाही लिहिलं. तिला हातानं कळायचं.” त्यांनी वहीवर बोट ठेवलं. “मला कळत नाही.”

मी पिशवी खाली ठेवली. टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, कागद दाबून ठेवलेले दिसले. माझे सतरा मुद्दे. छापून आणलेले. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत काहीबाही लिहिलेलं. काही मुद्द्यांना बरोबरची खूण. पाचव्या मुद्द्यापाशी काही नव्हतं, नुसता पेन्सिलीचा एक ठिपका. पेन्सिल टेकवून उचललेली.

“अप्पा, तो पाचवा खोडा,” मी म्हणाले आणि मग मात्र मला आवरेना. “मला माहीत नव्हतं. मला काही माहीत नव्हतं हो!”

“खोडू कशाला?” अप्पा म्हणाले. “खरंच लिहिलंयस की. कारण नाही, सूचना नाही. मधेच गेली.” त्यांनी झारा ठेवला. “सूचना मी द्यायला पायजे होती, ते माझं चुकलं. ती म्हणाली, पोरीचे पेपर होऊ देत. मी ऐकलं. तिचं कधी मोडलं नव्हतं, तेव्हाबी मोडता आलं नाही. चुकलं माझं.”

एकदा चुकलं तर ती चूक. मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. अप्पा एकदा चुकले होते. आणि मी? छत्तीस महिने, दर एक तारखेला, त्याच एका घरात. ती माझी सही झाली होती.

“खूण दिसली तुला,” ते म्हणाले. हेही विचारलं नाही. पण चेहऱ्यावर काहीतरी हललं.

“दर तिसऱ्या फुलात बघितली. आधी एकच बघितली होती.”

“तरी तू बघितलीस. चौदावा मुद्दा वाचला तवाच वाटलं, आता ओळखणार. आणि सतरा मुद्दे, उल्के! तीन वर्षांत मिळून एवढं बोलली नव्हतीस.” ते कागदावरून हात फिरवत होते, कापडावरून फिरवावा तसा. “म्हटलं, कडू तर कडू. आलं की.”

मागांचा खडखडाट चालूच होता. मी डोळे पुसले, नाक पुसलं, आणि स्टुलावर बसले.

“अप्पा, आता विचारा की काहीतरी.”

त्यांनी चष्मा लावला, कागद उचलला आणि पहिल्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“हे नाही कळलं मला. समोरच्यानं काही केलं की उत्तर द्यायचं, असं लिहिलंयस. म्हंजे कसं द्यायचं?”

मी कढईकडे बघितलं. बुडबुडे मोठे व्हायला लागले होते.

“आधी गॅस बंद करा,” मी म्हणाले. “पाक पुढं जातो तुमचा. म्हणून लाडू फुटत नाहीत. ताहेरच्या टेबलाचा टवका उडाला, पण लाडू फुटला नाही. एकतारी झाला की लगेच उतरवायचा.”

अप्पांनी गॅस बंद केला. पेन्सिल कानावरून काढली. आईची वही जवळ ओढली आणि तिनं मोकळ्या सोडलेल्या जागेत, सावकाश, एका घरात एक अक्षर बसवावं तसं लिहिलं: एकतारी.

मग पेन्सिल तशीच धरून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“आणि भडंग?” त्यांनी विचारलं.